नाव लिहिलं नव्हतं

७ जाने., बुध.
मंदा दु. ४-१० ला गेली, ६-२५ ला आली. भेट तिसरी. नियमाने एक तास पुरे असतो. सव्वादोन तास काय बोलत असतील दोघी, समजत नाही.
वाचनालयाच्या गावंडे मॅडमनी दिवाळीनंतर हा 'सोबत' उपक्रम काढला. एकटी राहणारी बाई असेल तिच्याकडे दुसऱ्या बाईने जायचं, बसायचं, बोलायचं. संपलं. वस्तू न्यायची नाही, सल्ला द्यायचा नाही. मंदाने नाव दिलं ते मला विचारून नाही, देऊन आल्यावर सांगितलं. तिच्या वाट्याला वच्छलाबाई आल्या. मंदा ताई म्हणते म्हणून पुढे व.ताई लिहीन. वय ६३. नवरा जाऊन अकरा वर्षं. मुलगा पुण्याला, रविवारी फोन. घर कापसाच्या जिनिंग मिलच्या मागे. मी त्यांना पाहिलेलं नाही.
भेटीनंतर नोंदपत्रक भरावं लागतं. मंदा सातवी शिकली आहे, लिहिता येतं. पण म्हणते, "तुमीच लिहा जी, तुमचं अक्षर छापल्यावाणी आहे." हे खरं आहे.
विचारलं, बोलण्याचा विषय?
"विषय कायचा. तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले सोलले."
भगिनीला, म्हणजे व.ताईंना, लाभ?
"सोले."
सोबतिणीला लाभ?
"सोले," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. दोन मिनिटं थांबली नाही. मी दोन्ही रकान्यांत 'समाधान' लिहिलं.
दुकान: काम १. वायंडिंग चालू (एक एचपीची मोटर).

१० जाने., शनि.
भेट चौथी. ४-०० ते ६-४०.
जेवताना मंदा आपणहून बोलली. हे नवीन. एरवी मी विचारतो, ती उत्तर देते.
व.ताई रोज सकाळी साडेनऊला एस.टी. स्टँडवर जातात. जायचं कुठंच नसतं. चौकशीच्या खिडकीवर विचारतात, दारव्ह्याची गाडी कितीला? खिडकीवाला सांगतो. मग बाकड्यावर बसतात. गाडी येते, जाते. मग पुन्हा खिडकीवर, यवतमाळची कितीला? तो पुन्हा सांगतो. अकराला घरी.
म्हटलं, काहून?
"थो माणूस काई विचारत नाही ना. पोरगा काहून नाही नेत, एकटी कशी राह्यते, काईच नाही. जेवढं विचारलं तेवढं सांगते. ताई म्हणे, दिवसातून दोन खेपा कोणी तरी मले नीट उत्तर देते."
रोज?
"रोज. घडी करून पिशवी बी नेते, गावाले चालल्यासारखी. मले म्हणे, हसजो नको बरं. मी नाही हसली."
पिशवी कोणत्या रंगाची?
"निळी. कायले?"
असंच, म्हटलं.

११ जाने., रवि.
दुकान बंद. चौथ्या भेटीचं पत्रक तीनदा लिहिलं. पहिल्या दोन वेळा गोलमोल झालं. 'भगिनी एकाकी आहे.' 'भगिनी खचली आहे.' अशाने वाचणाऱ्याला काय कळणार.
मला मोटर वायंडिंग कोणी शिकवलं नाही. जळालेली मोटर घ्यायची, जुनी कॉइल एकेक फेरा उलगडायची, फेरे मोजायचे, तारेचा गेज पाहायचा, वहीत लिहायचं. जसं होतं तसं पुन्हा भरलं की मोटर चालते. एक जागा अंदाजाने लिहिली की पुन्हा जळते. सत्तावीस वर्षांच्या सात वह्या आहेत. इंजिनियर लोक येऊन त्यातलं उतरवून घेऊन गेले आहेत.
त्याच रीतीने लिहिलं. वेळ ९-३०. खिडकी. आधी दारव्हा, मग यवतमाळ. निळी पिशवी, घडी करून डाव्या मुठीत. (मूठ कोणती ते मंदाला फिरवून विचारून घेतलं. तिच्या लक्षात आलं नाही.) 'मले नीट उत्तर देते' हे वाक्य जसंच्या तसं.
नाव लिहिलं नाही. 'श्रीमती क्ष' लिहिलं. खाजगी गोष्ट आहे, एवढं मला समजतं.

१३ जाने., मंगळ.
पत्रक देऊन आलो. गावंडे मॅडमनी माझ्यासमोर उभ्याने वाचलं. चष्मा काढून पुसला.
"सुधाकरभाऊ, बाकीच्या नुसतं 'गप्पा झाल्या' लिहितात. हे वाचून मला ती बाई दिसली."
बरोबर. दिसावी म्हणूनच लिहिलं.
२२ तारखेला वाचनालयाच्या हॉलमध्ये 'सोबत'चं हळदीकुंकू आहे. कुंकू लावणारी, न लावणारी, सगळ्यांना बोलावणं. तिथे वाचून दाखवू का, असं मॅडमनी विचारलं. "नाव तर नाहीच आहे त्यात." मी म्हटलं, नाहीच. वाचा.
माइक, ॲम्प्लिफायर माझ्याकडेच आहे.
मंदाला सांगितलं नाही. तिथेच ऐकेल.
दुकान: काम १. वायंडिंग चालू.

१६ जाने., शुक्र.
व.ताईंनी माझ्यासाठी तिळाचे दोन लाडू पाठवले. कागदात गुंडाळून, वर दोरा. कधी भेट नाही, ओळख नाही. लाडू बरे होते. गूळ किंचित जास्त.
मंदा त्यांना हळदीकुंकवाला चला म्हणून मागे लागली आहे. त्यांचं उत्तर, मंदाने सांगितलं तसं: "अकरा वर्षं झाले, मले कोणी बोलावत नाही अन् मी कोणाची वाट अडवत नाही. चांगलं चालू आहे."
मंदा म्हणाली, "मंग मी बी नाही जात."
हे तिने त्यांना सांगितलं की मला, ते कळलं नाही. ती गेली नाही तर माझं पत्रक ऐकणार कोण. म्हटलं, तू जायलाच पाहिजे, तू सोबतीण आहेस. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुमाले कवापासून हळदीकुंकू आवडाले लागलं?"

१९ जाने., सोम.
व.ताई तयार झाल्या. अट: उशिरा येईन, कुंकू लावणं आटोपल्यावर, मागच्या दाराने. मंदाने शेजारी जागा धरून ठेवायची.
मंदाने स्वतःची हिरव्या काठाची साडी त्यांना द्यायला काढली. ह्या साडीला ती मला इस्त्री करू देत नाही, मी बटण फार गरमवर ठेवतो म्हणते. आज काढून दिली. आणि स्वयंपाकघरात गुणगुणत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हिला गाता येतं हे मला माहीत नव्हतं, किंवा विसरलो.
दुसऱ्याच्या घरी जाऊन सोले सोलल्याने इतकं काय होतं?
एक गोष्ट मनात आली. व.ताई त्या दिवशी तिथे असतील आणि पत्रक वाचलं जाईल. पण नाव नाही. आणि आपल्याबद्दल कोणी इतकं चांगलं लिहिलं हे ऐकून माणसाला बरंच वाटेल. मला वाटलं असतं.

२२ जाने., गुरु.
थोडक्यात लिहितो.
हॉल भरलेला. बायका ४६ (मी मोजल्या, एक खुर्ची रिकामी, मंदाच्या शेजारची). मी मागे ॲम्प्लिफायरजवळ. ५-२० ला मॅडमनी पत्रक वाचायला घेतलं. आवाज उत्तम, कुठे शिट्टी नाही. मंदा समोर पाहत होती. दुसऱ्या ओळीला तिने मान वळवली आणि मला शोधलं.
'साडेनऊ' आलं. 'खिडकी' आलं. पुढच्या रांगेत कुजबुज. एक जण अर्ध्या आवाजात, "अवो, जिनिंगच्या मागची वच्छला." दुसरी, "हो, मी पाह्यतो ना तिले रोज. मले वाटे पोराकडे जाऊन राह्यली."
'निळी पिशवी' आलं तेव्हा मागच्या दारात एक बाई उभी होती. हिरव्या काठाची साडी. चपला उजव्या हातात. डाव्या मुठीत निळी पिशवी, घडी केलेली.
मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्याच लिहिण्यावरून ओळखलं.
'मले नीट उत्तर देते' वाचून संपलं, टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्या तेव्हा दार रिकामं होतं. मंदाही उठून गेली होती. दोन खुर्च्या रिकाम्या.
मॅडम म्हणाल्या, हे सुंदर पत्रक लिहिणारे आपल्यातच आहेत. मी उभा राहिलो. पुन्हा टाळ्या. का उभा राहिलो, माहीत नाही.

२३ जाने., शुक्र.
मंदा बोलत नाही. डबा भरून ठेवला होता, हातात दिला नाही.
दुपारी मीच विषय काढला. म्हटलं, त्यात खोटं काय होतं?
"काईच नाही."
नाव लिहिलं होतं का?
"नाही."
मग?
"मंग काई नाही. तुमचं बरोबर आहे." आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच होती.
माझं बरोबर आहे असं ती सव्वीस वर्षांत फार वेळा म्हणाली आहे. आज पहिल्यांदा ते ऐकून बरं वाटलं नाही.

२५ जाने., रवि.
मंदा ४-०० ला गेली, ४-२० ला परत. दाराला आतून कडी. तिने हाका मारल्या. आत पावलं वाजली, कडी निघाली नाही. खिडकीच्या गजातून साडी बाहेर आली, धुवून, घडी करून. बोलणं शून्य.
स्टँडवरचंही कळलं. शुक्रवारी सकाळी व.ताई नेहमीसारख्या गेल्या होत्या. बाकड्यावर 'सोबत'च्या दोन बाया थर्मासात चहा घेऊन बसलेल्या. "या ताई, आमी आलो तुमच्या सोबतीले." एक म्हणे, "आता त बायकांले अर्ध तिकीट झालं, एखाद दिवस खरोखर जाऊन येऊ दारव्ह्याले." चांगल्या मनाने म्हणाल्या असतील. व.ताई खिडकीपर्यंत न जाता वळल्या. तेव्हापासून स्टँडवरही नाही, घराबाहेरही नाही. दूधवाल्याचं पातेलं ओट्यावर असतं, ते तेवढं आत जातं.
म्हणजे होतं तेवढंही गेलं. आणि मंदाचंही.
मंदाने ते सांगितलं तेव्हा रागावली नव्हती. हेच समजत नाही. रागावली असती तर मुद्द्याला मुद्दा देता आला असता.

२८ जाने., बुध.
स. ९-२५ ला स्टँडवर गेलो. व.ताई आल्या तर बोलावं म्हणून. काय बोलणार ते ठरवलं होतं.
दहापर्यंत आल्या नाहीत. खिडकीजवळ उभा होतो. आतल्या माणसाने वर पाहिलं, बोलला नाही, वाट पाहिली. मागे दोन जण उभे. काही तरी विचारणं भाग होतं. म्हटलं, दारव्हा?
"दहा-पाच."
एवढंच. तुम्ही कोण, तुमचं दुकान चालतं का, काही नाही. बाकड्यावर जाऊन बसलो. दहा-पाचची दहा-नऊला आली, गेली. उठावंसं वाटेना. बाकडं उन्हात आहे, पाठ शेकते. पुन्हा जाऊन यवतमाळची विचारावी असं मनात आलं. विचारली नाही.
दुकान उघडलं ११-१०. सत्तावीस वर्षांत इतका उशीर नाही. कोणी वाट पाहत नव्हतं.

३१ जाने., शनि.
गावंडे मॅडमचा फोन. नवीन पत्रक नाही आलं? मी म्हटलं, भेट होत नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी वाचायला नको होतं." मी म्हटलं, मी लिहायला... आणि वाक्य अर्धं राहिलं. लिहायला नको होतं का? अजून माझं मत पक्कं नाही.
जुन्या पत्रकांच्या माझ्याकडच्या प्रती काढून पाहिल्या. 'सोबतिणीला झालेला लाभ' ह्या रकान्यात दर वेळी 'समाधान'. मंदाला एकदाही धड विचारलेलं नाही. सोले म्हणाली तेव्हा मी ते धरलं नाही.
आज विचारलं. काय लाभ होत होता तुला तिथे?
"लिहाले पाहिजे काय?"
नाही. मला पाहिजे.
ज्वारी निवडत होती. खडे वेचता वेचता बोलली. "तिथं मी अर्ध बोलून थांबली तरी कोणी उरलेलं पुरं नाही करत. चुकीचं बोलली त चुकीचं राहू देते. ताई म्हणे, बोल तू, मी कुठं परीक्षा घेऊन राह्यली."
मी म्हटलं, म्हणजे मी परीक्षा—
"पाहा," ती म्हणाली. "पुरं केलं का नाही तुमी?"
मी काहीच पुरं केलं नव्हतं. उलट माझंच अर्धं राहिलं होतं. पण ते सांगितलं नाही.
तुरीच्या शेंगा आणल्या की ती अजून दोन वाटे करते. दुसरा वाटा सुपात वाळतो आहे.

३ फेब्रु., मंगळ.
गेलो. स. १०-१५. ओट्याखाली उभा राहिलो, वर चढलो नाही. दार बंद. म्हटलं, मी मंदाचा नवरा.
आतून, "ओळखलं. टाळ्यांच्या वेळी उभे होते."
म्हणजे तेव्हा गेल्या नव्हत्या. दाराआड होत्या.
म्हटलं, माफी मागायला आलो.
"लिहून आणली काय?"
आणली होती. अर्धं पान. खिशातून काढली.
"मंग वाचा."
वाचली. शेजारची शेळी माझ्याकडे पाहत होती. शेवटचं वाक्य 'माझ्या हातून झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे' असं होतं.
"चांगलं लिहिलं," आतून आवाज आला. "एक कॉपी मॅडमले देली का?"
नाही म्हटलं.
आत कडी सरकली. मग दार चार बोटं उघडलं, साखळी लावलेलीच. एक डोळा आणि चष्म्याची काडी दिसत होती.
"भाऊ, एक विचारतो. तुमच्या दुकानातली ती एक एचपीची मोटर, किती खेपा भरली?"
मी शेळीकडे पाहिलं.
"मंदानं मले दुसऱ्याच भेटीत सांगतलं. सोलर पंप आले तवापासून काम नाही. तुमी तीच मोटर भरता, उलगडता, पुन्हा भरता. रस्त्यानं जाणाऱ्याले हात चालता दिसावा म्हणून. ते सांगून रडत होती बिचारी. तुमाले वाटते तिले माहीत नाही."
हात कुठे ठेवावे समजेना. कागद होता तो धरून ठेवला.
"मी हे कोणाले सांगतलं काय?"
नाही.
"नाव न घेता सांगतलं काय?"
नाही म्हटलं. 
"हो," त्या म्हणाल्या, आणि दार लागलं. जोराने नाही.

४ फेब्रु., बुध.
दुकान.
हे ह्या वहीतही लिहिलं नव्हतं. आठ महिने झाले. 'काम १, वायंडिंग चालू' असं लिहीत आलो. खोटं म्हणता येणार नाही, काम एक होतं आणि चालू होतं. उलगडताना प्रत्येक वेळी फेरे मोजतो. दर वेळी बरोबर भरतात.
मंदाला माहीत आहे. कधीपासून, विचारण्याची हिंमत नाही. रोज संध्याकाळी ती विचारते, "आज काम आलं?" मी म्हणतो, आलं. ती म्हणते, "चांगलं झालं." हे रोज. ती मला जपत होती की तपासत होती?
तिने माझं सांगितलं ह्याचा राग आला पाहिजे. सकाळपासून आणून पाहतो आहे, येत नाही. तिने एका बाईला सांगितलं. मी सेहेचाळीस जणींना ऐकवलं. पण फरक नुसता आकड्याचा नाही, एवढं कळतं. तिने सांगितलं तेव्हा ती रडली. मी लिहिलं तेव्हा तीनदा पक्कं केलं.
इथपर्यंत येतं. पुढे येत नाही. मोटरीचं बरं असतं.

७ फेब्रु., शनि.
दुकान: काम ०. असं लिहायला वेळ लागला, पण लिहिलं.
१-१५ ला मंदा स्वतः डबा घेऊन आली. कधी येत नाही. स्टुलावर बसली. समोर टेबलावर ती मोटर, अर्धी भरलेली.
मी म्हटलं, ही तीच आहे.
"माहीत आहे."
बस, एवढंच. ती अर्धा तास बसली. मी भरत राहिलो, ती पाहत राहिली. एकदा म्हणाली, "फेरे सुटले नाही पाहिजे ना?" मी म्हटलं, नाही. मध्ये वेळ पाहिली नाही. अर्धा तास हा अंदाज आहे.
जाताना म्हणाली, "ताईकडे गेलते तुमी."
हो. तुला कोणी सांगितलं?
"शेजारीण. म्हणे तुमचे मालक शेळीसमोर निबंध वाचत होते."
ओठ दाबून धरले होते तिने. मग हसलीच. दोन आठवड्यांनी. मीही हसलो असेन, कारण ती मला पाहून आणखी हसली.
तिकडे दार उघडतं का विचारलं. तिने नाही म्हणून डोकं हलवलं. काल गेली होती, कडी तशीच. व.ताईंनी माझं गुपित बोलून दाखवलं ते मी मंदाला सांगितलं नाही. तिने मला सांगितलेलं नाही की तिनेच ते सांगितलं होतं. आता तिघांपैकी कोणाला काय माहीत आहे, हे कागदावर मांडलं तरच समजेल. मांडणार नाही.

१० फेब्रु., मंगळ.
११-०५. दुकानासमोर ऑटो थांबला. व.ताई उतरल्या. हातात टेबल पंखा, जाळीवर जुना टॉवेल. डाव्या खांद्याला निळी पिशवी, आज घडी केलेली नाही, लटकत होती, रिकामीच.
"पाहून घ्या भाऊ. उन्हाळ्याच्या आधी."
बिघाड काय?
"मले काय माहीत. तुमी कारीगर."
टॉवेल काढला, जोडला, बटण दाबलं. चालला. तीनही स्पीडला चालला, मान फिरवली, कुठे आवाज नाही. खोलून पाहिला. कपॅसिटर चांगला, बुश चांगले, तेलही होतं. माझ्यापेक्षा बऱ्या स्थितीतला पंखा.
मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या रस्त्याकडे पाहत होत्या.
"कितीक वेळ लागन?"
मला सांगता आलं असतं, काही झालेलं नाही, घेऊन जा. तेच खरं होतं. मी म्हटलं, अर्धा तास.
त्या स्टुलावर बसल्या. मी खोललेला पंखा पुसत राहिलो, पुसलेलाच. समोरून दोन ट्रॅक्टर गेले, कापसाचे. काही वेळाने त्यांनी टेबलावरच्या मोटरीकडे बोट केलं.
"हिले फेरे किती?"
एका कॉइलला ऐंशी, म्हटलं. बाकीचं सांगायला तोंड उघडलं होतं. गेज, इन्सुलेशन, गाळे. त्यांनी ऐंशीच विचारलं होतं. तिथेच थांबलो.
त्यांनी मान हलवली. आणखी थोड्या वेळाने, "अन् तार तुटली त?"
पुन्हा पहिल्यापासून.
"हो का."
मंदाचं नाव मी काढलं नाही. त्यांनीही नाही. पण निघताना पायरीवर थांबल्या. "ती बरी हाय?"
बरी आहे, म्हटलं. मग राहवलं नाही, विचारलं, तुम्ही आला होता म्हणून सांगू का तिला?
त्यांनी पिशवी खांद्यावर सारखी केली. "तुमी पाहा," म्हणाल्या. "पंखा झाला काय?"
झाला होता. अकरा-पाचलाच झालेला होता. मी म्हटलं, उद्या या.
"उद्या कितीला?"
अकरा.
"अकरा," त्या म्हणाल्या, आणि चालत गेल्या. ऑटो केला नाही.

संध्याकाळी मंदाने विचारलं, "आज काम आलं?" मी म्हटलं, आलं. एक पंखा. ती म्हणाली, "चांगलं झालं," रोजच्यासारखंच. मग वळून माझ्याकडे नीट पाहिलं, कारण आज खरं होतं आणि तिला ते कळत असावं. कोणाचा, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, किंवा नसतं.
'तुमी पाहा' म्हणजे सांगा, की सांगू नका? दिवसभर दोन्हीकडून लावून पाहिलं, दोन्हीकडून बसतं. सांगावं तर पुन्हा त्यांचं न विचारता दुसरीकडे नेलं असं होईल. न सांगावं तर मंदा उद्या चारला पुन्हा त्या दाराशी जाऊन हाका मारेल, सुपातल्या वाळक्या शेंगा घेऊन. आणि त्या तर तोवर माझ्या दुकानातून घरी गेलेल्या असतील.
उद्या पावणेअकराला मंदाला डबा घेऊन ये म्हणावं का? काही न सांगता? तेही सांगण्यासारखंच झालं.
मोटर आज उलगडली नाही. भरलेली आहे तशी ठेवली.
दुकान: काम १. टेबल पंखा. बिघाड नाही. उद्या ११ ला द्यायचा.
गिऱ्हाइकाचं नाव: रकाना कोरा ठेवला.